पाणी कुणाच्या शिवारात पोचलं? सांगलीतल्या विषमतेची पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातली श्रीमंती-गरिबी समजून घ्यायची तर आधी पाणी कुठं पोचलं ते बघावं लागतं. पश्चिमेला कृष्णा-वारणेचा काठ, वाळवा-पलूसची काळी जमीन. पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे पर्जन्यछायेतले तालुके. पण एवढं अंतर एकट्या पावसानं पाडलेलं नाही.

१९५०च्या दशकापासून नदीकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहू लागले. सांगलीचा वसंतदादांचा कारखाना त्यांतला ठळक. सभासद व्हायला ऊस हवा, उसाला बारमाही पाणी हवं, आणि नदीवर मोटार बसवायला काठाची जमीन हवी. ती ज्याच्याकडे होती त्याला शेअर मिळाला, सोसायटीचं पीककर्ज मिळालं, पुढं गावच्या राजकारणात शब्दही मिळाला. कूळकायद्यानं दुसऱ्याची जमीन खंडानं कसणारी कुळं जमिनीची मालक झाली हे खरं आणि मोठंच. पण रोजंदारीवर राबणारा कूळ नव्हता. तो त्याच उसाच्या फडात कोयता घेऊन उतरला. जतमधून ऊसतोडीच्या टोळ्या आजही निघतात.

खानापूर-आटपाडीच्या माणसांनी दुष्काळातून वेगळी वाट काढली. सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी ती देशभर पांगली. गावाकडे त्यांचे बंगले आले, आणि कोरडवाहू गावाच्या आतही दोन थर पडले.

या सगळ्याला सर्वांत धीट उत्तर १९८०च्या दशकात खानापूर तालुक्यात शोधलं गेलं. कष्टकऱ्यांच्या मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीनं लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधायला घेतलं. नदीतली वाळू विकून पैसा उभा केला. पाणी एकरांवर नाही, कुटुंबावर वाटायचं ठरलं, आणि त्यात भूमिहीनालाही वाटा होता. असा विचार कुठल्या कारखान्याच्या पोटनियमात मला दिसलेला नाही. पुढं स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या आणि समान पाणीवाटपाची मागणी दुष्काळी तालुक्यांत पसरली.

ताकारी, म्हैसाळ, टेंभू या कृष्णेचं पाणी पंपानं उचलून दुष्काळी भागात नेणाऱ्या उपसा योजनांची कामं दशकानुदशकं रखडली. २०१२ मध्ये जतमधल्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटक राज्यात सामील होण्याचे ठराव केले, इतकी पाळी आली. आता पूर्वेच्या बऱ्याच शिवारांत पाणी खेळतंय, डाळिंब-द्राक्षाच्या बागा उभ्या राहताहेत. मात्र बाग लागते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याची. बाकीच्या घरांपर्यंत हे पाणी पोचतं ते मजुरी म्हणूनच, आणि बळीराजा धरणानं मांडलेला भूमिहीनाच्या वाट्याचा प्रश्न मोठ्या योजनांच्या पाटांवर अजून तसाच आहे.