नारळाची शेंडी: तांबड्या केसांच्या चिडवण्याची पार्श्वभूमी

कोल्हापुरात तांबूस केसांच्या पोराला वर्गात पडणारी नावं जवळपास ठरलेली असतात: नारळाची शेंडी, मक्याचं कणीस, भुऱ्या. आणि गावच असं, की कुणीतरी 'तांबडा रस्सा' म्हणणारच. नाव झणझणीत आहे खरं, पण रोज तेच पानात पडलं की नको होतं. या केसांकडे निरखून बघायची खोड मात्र आजची नाही, आणि दर काळात माणसांनी त्यात काहीतरी निराळंच वाचलंय.

संस्कृतात या रंगाला कपिल, पिंगल असे शब्द. आपला 'पिंगट' त्याच घरातला. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातला आठवा श्लोक 'कपिला' मुलीशी लग्न करू नये असं सांगतो. टीकाकारांनी त्याचा अर्थ तांबूस केसांची मुलगी असा केला. त्याच श्लोकात रोगी मुलगी आहे आणि बडबडी मुलगीही आहे, म्हणजे यादी कुणी केली ते कळतंच. उलट पतंजलीच्या महाभाष्यात ब्राह्मण ओळखायच्या खुणा सांगताना गोरा, शुद्ध आचाराचा, पिंगल आणि 'कपिलकेश' असे शब्द येतात. इथे खोट, तिथे मान, रंग तोच. युरोपातही वेगळं नव्हतं. येशूला दगा देणारा जूडास कित्येक जुन्या चित्रांत लाल केसांचा रंगवलाय, आणि इंग्लंडमधल्या शाळांतून अशा मुलांना आजही 'गाजर', 'आलं' म्हणून चिडवतात.

कोल्हापूरनं फिकट केसांची मुलं एकदम मोठ्या संख्येनं पाहिली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४३ ते १९४८ या काळात शहराजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. छावणीत त्यांच्या स्वतःच्या शाळा होत्या, चर्च होतं. ते गेल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. त्या मुलांच्या सोनेरी केसांचं कारण आणि आपल्याकडच्या भुऱ्या पोराच्या केसांचं कारण एकच असेल असं मात्र नाही.

केसात दोन रंगद्रव्यं असतात. युमेलॅनिन काळं-तपकिरी, फिओमेलॅनिन तांबूस-पिवळं. १६व्या गुणसूत्रावरचं 'एमसी१आर' जनुक यातलं पहिलं बनवायला लावतं. ते नीट चाललं नाही की दुसरं वरचढ होतं. लाल केसांशी त्याचा संबंध १९९५मध्ये दाखवला गेला. साधारणपणे आई आणि वडील दोघांकडून बदललेली प्रत आली तरच केस खरे लाल होतात, म्हणून दोघं काळ्या केसांचे असूनही मूल तांबडं निघू शकतं. 'कुणावर गेलाय?' हा कुजका प्रश्न इथंच मोडतो. जगात असे लोक १ ते २ टक्के, भारतात फारच विरळ. आपल्याकडचे तांबूस केस बहुधा इतर कारणांनी येतात: उन्हानं रंग उडणं, कुपोषण, क्वचित रंगद्रव्य बनवणाऱ्या दुसऱ्या जनुकातला दोष.

कुपोषणाचा धागा सिसली विल्यम्स या डॉक्टरबाईंपर्यंत जातो. आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये (आजचा घाना) त्यांनी १९३३मध्ये मुलांच्या कुपोषणाच्या एका आजाराचं वर्णन केलं, १९३५मध्ये 'क्वाशिओरकोर' हे तिथलंच नाव वापरलं. तेव्हापासून भुरे केस ही कुपोषणाची एक खूण म्हणून शिकवली जाते, आणि त्यातूनच 'घरी खायला घालत नाहीत का रे?' हा टोमणा आला असावा.

कारण ओळखायला केस मुळाशी बघावेत. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो. मुळं काळी आणि टोकं भुरी असतील तर ऊन, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन किंवा लावलेलं रसायन; टोकं कापली की संपलं. फिकट आणि काळे पट्टे आलटूनपालटून दिसले तर मधे काही महिने पोषण कमी पडलं असं समजावं. पावलांवर सूज, चिडचिड, वजन न वाढणं यांतलं काही सोबत असेल तर लगेच डॉक्टर. जन्मापासून केस आणि भुवया सारख्याच रंगाच्या असतील तर तो रंग बहुधा उपजत.

घरचे उपाय इथंच फसतात. मेंदीतला लॉसोन हा रंग केसातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतो, पण काळा रंग देत नाही. काळ्या केसांवर नुसती झाक येते, भुऱ्यावर मात्र भडक नारिंगी. म्हणजे झाकायला गेलं आणि जास्तच उठून दिसलं. 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यात बहुधा पीपीडी हा कृत्रिम रंग असतो. त्याची ॲलर्जी झाली तर खाज आणि सूज एक-दोन दिवसांनी येते, आणि ती ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. लहान मुलाला लावूच नये. तेलानं केस ओले दिसतात तेवढेच. जोतिबाला जावळ काढलं की केस काळे येतात असं म्हणतात. बऱ्याच मुलांचे केस वाढत्या वयात आपसूक गडद होतात आणि श्रेय वस्तऱ्याला जातं.

चिडवण्याचा अभ्यास त्या मानानं नवा. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी स्वीडनमध्ये १९७०च्या दशकात तो सुरू केला, आणि १९८३मध्ये नॉर्वेत शाळांसाठी कार्यक्रम उभा राहिला. त्यांची कसोटी तीन गोष्टींची: मुद्दाम, पुन्हापुन्हा, आणि ज्याला उलटून देता येत नाही त्यालाच. तिन्ही जुळली तर ती मस्करी नव्हे. दोन आठवडे तारीख, जागा, कोण होतं हे वहीत लिहावं. पुष्कळदा जागा वर्ग नसून शाळेची रिक्षा निघते. मग वर्गशिक्षकांना एकट्यानं भेटावं. सगळ्यांसमोर माफी मागायला लावली की दुसऱ्या दिवशी डबल होतं. मुलानं दर वेळी तेच, त्याच आवाजात म्हणावं: 'माझं नाव घे.' मागे धावलं की समोरच्याला हवं ते मिळालं. शिक्षकच 'ए भुऱ्या, फळा पूस' म्हणत असतील तर सगळ्या वर्गाला परवाना मिळतो. अशा वेळी मुख्याध्यापकांना लेखी द्यावं. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७नं मुलांच्या मानसिक छळाला मनाई केली आहे.