व्हॉइसमेल कॉल फ्लो : चाचणी आणि दोषशोध

व्हॉइसमेल कॉल फ्लो म्हणजे कार्यालयातला न उचललेला फोन निरोपापर्यंत ज्या वाटेने जातो ती वाट. एक्स्टेंशनची रिंग वाजते, कोणी उचलत नाही किंवा लाइन एंगेज असते, ईपीएबीएक्स (कार्यालयातले छोटे टेलिफोन एक्स्चेंज) तो कॉल वळवते, व्हॉइसमेल यंत्रणा उचलते, त्या व्यक्तीचे ग्रीटिंग ऐकू येते, बीप होते, निरोप ध्वनिमुद्रित होतो आणि फोनवरचा दिवा लागून ज्याचा निरोप त्याला कळतो. यातला कोणताही टप्पा निखळला तरी निरोप हरवतो. ही वाट मुद्दाम फोन करून तपासणे आणि ती कुठे तुटली आहे ते शोधणे हे दूरध्वनी यंत्रणा सांभाळणाऱ्याचे नेहमीचे काम आहे. नेहमीचे असले तरी सर्वात जास्त टाळले जाणारे.

टाळले जाण्याचे कारण या दोषांच्या स्वभावातच आहे. डायल टोन गेला तर पाच मिनिटांत आरडाओरडा होतो. निरोप हरवला तर कोणीच ओरडत नाही. बोलणाऱ्याला वाटते आपण सांगितले. ज्याच्यासाठी सांगितले त्याला कोणी काही सांगितल्याचा पत्ताच नसतो. त्यामुळे व्हॉइसमेलच्या बाबतीत तक्रार येण्याची वाट पाहणे ही पद्धत चालत नाही.

पार्श्वभूमी

संगणकावर आवाज साठवून निरोप पोचवण्याचे प्रयोग आयबीएममध्ये स्टीफन बॉइस यांनी १९७०च्या दशकात केले. व्यापारी व्हॉइसमेलचे पेटंट अमेरिकेत गॉर्डन मॅथ्यूज यांना १९८३ साली मिळाले. त्यांच्या कंपनीचे नाव व्हीएमएक्स. त्या काळी टेलिफोन एक्स्चेंज आणि व्हॉइसमेल ही दोन वेगळी यंत्रे असत. एक्स्चेंजमधून काही साध्या एक्स्टेंशन लाइन्स व्हॉइसमेलच्या यंत्राला जोडलेल्या असत आणि शेजारून एक सिरियल केबल जाई. ‘तिसऱ्या पोर्टवर आलेला कॉल २१४ साठी होता, उत्तर मिळाले नाही’ अशा अर्थाचा छोटासा संदेश त्या केबलवरून जात असे. या जोडणीला एसएमडीआय म्हणत. केबल निघाली की आवाज येत राही, पण कोणासाठी फोन आला हे यंत्राला समजत नसे.

मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली ॲस्टेरिस्क हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर सुरू केले आणि एक्स्चेंज, ऑटो अटेंडंट (‘अमुकसाठी १ दाबा’ असे सांगणारे यंत्र) व व्हॉइसमेल एकाच साध्या संगणकात बसू लागले. लहान कार्यालयांना व्हॉइसमेल परवडू लागला तो यामुळे. मात्र सिरियल केबलच्या काळातला प्रश्न संपला नाही. त्याने फक्त जागा बदलली.

मूळ प्रश्न : फोन कोणासाठी होता?

व्हॉइसमेलच्या बहुतेक तक्रारी मेलबॉक्समधल्या, म्हणजे निरोप साठवण्याच्या पेटीतल्या, नसतात. कॉल वळवला जाताना त्याच्यासोबत दोन गोष्टी जायला हव्यात : मुळात कोणता नंबर लावला होता आणि तो का वळला. सिप या इंटरनेटवरून फोन जोडण्याच्या पद्धतीच्या यंत्रणेत (आरएफसी ३२६१, २००२; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धतींचे क्रमांकित दस्तऐवज) ही माहिती कॉलच्या पहिल्या संदेशातल्या ठरावीक ओळींमध्ये असते. एका ओळीचे नाव डायव्हर्जन. ती वर्षानुवर्षे वापरात होती आणि आरएफसी ५८०६ म्हणून २०१० साली, तीही केवळ ऐतिहासिक नोंद म्हणून, प्रसिद्ध झाली. दुसरी हिस्ट्री-इन्फो, जी अधिकृत मार्ग मानली जाते. एका कंपनीचे यंत्र पहिली ओळ लिहिते, दुसऱ्या कंपनीचे यंत्र दुसरीच वाचते, आणि मधला गेटवे (दोन यंत्रणा जोडणारे यंत्र) दोन्ही काढून टाकतो, असे सर्रास घडते.

याचे लक्षण अगदी ठळक आहे. फोन करणाऱ्याला ‘मी आत्ता जागेवर नाही’ हे त्या व्यक्तीचे ग्रीटिंग ऐकू येण्याऐवजी ‘कृपया एक्स्टेंशन क्रमांक दाबा’ असे यंत्रणेचे सर्वसाधारण ग्रीटिंग ऐकू येते. हे ऐकू आले की मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नये. कॉल पोचला आहे, पत्ता पोचलेला नाही. सिस्कोच्या यंत्रणेत तर सिप ट्रंकवर (दोन यंत्रणांमधल्या जोडणीवर) डायव्हर्जनची ओळ आत घ्यायची की नाही आणि बाहेर पाठवायची की नाही, अशा दोन स्वतंत्र चौकोनांवर टिकमार्क करावी लागते. एक राहिली तरी अर्धी वाट बंद.

याहून नाजूक प्रकार दुहेरी वळणाचा. समजा २१४ वरच्या बाईंनी सुट्टीवर जाताना आपला फोन २२० वरच्या सहकाऱ्याकडे वळवला आणि त्यानेही उचलला नाही. निरोप कोणाच्या पेटीत जावा? सिस्कोची युनिटी कनेक्शन ही व्हॉइसमेल यंत्रणा मुळात पहिला नंबर धरते, म्हणजे २१४. शेवटचा धरायचा असेल तर तसे सेटिंग आहे. माझ्या मते बहुतेक ठिकाणी पहिलाच बरोबर, कारण फोन करणाऱ्याला बाईच हव्या होत्या. पण सुट्टीच्या काळातली कामे सहकाऱ्यानेच उरकायची असतील तर निरोप बाईंच्या पेटीत पंधरा दिवस पडून राहील. हे तंत्रज्ञाने परस्पर ठरवू नये, त्या दोघांना विचारावे.

ॲस्टेरिस्कमध्ये हा निर्णय डायल प्लॅनमध्ये (कॉल कुठे न्यायचा ते सांगणाऱ्या नियमांत) उघड लिहिलेला असतो. रिंग देऊन झाल्यावर निकाल मिळतो : उत्तर नाही, एंगेज, किंवा फोन उपलब्धच नाही. पहिल्या दोन निकालांसाठी वाट लिहिलेली असते आणि तिसरा निकाल हमखास विसरला जातो. मग दिवसा सगळे ठीक चालते. संध्याकाळी कोणी टेबलावरचा स्विच बंद करून गेले की फोनची नोंदणी सुटते, आणि रात्री येणारा कॉल व्हॉइसमेलला न जाता तुटतो. चाचणी करताना सगळे फोन चालू असतात म्हणून हे सापडत नाही. एका फोनची वायर खरोखर काढून पाहणे हाच उपाय.

रिंग, सेकंद आणि घड्याळ

‘चार रिंग झाल्या की व्हॉइसमेलला जाऊ दे’ असे मालक सांगतात. भारतातल्या रिंगचे एक आवर्तन तीन सेकंदांचे असते : ०.४ सेकंद आवाज, ०.२ थांबा, पुन्हा ०.४ आवाज आणि मग दोन सेकंद शांतता. अमेरिकेत दोन सेकंद आवाज आणि चार सेकंद शांतता, म्हणजे सहा. त्यामुळे चार रिंग म्हणजे इथे बारा सेकंद, तिथे चोवीस. यंत्रणेत नेहमी सेकंद लिहावेत, आणि ते माणसाला खुर्चीपर्यंत यायला पुरतील इतके असावेत.

एकच कॉल टेबलावरच्या फोनवर आणि मोबाइलवर एकदम वाजत असेल तर मोबाइल कंपनीचा व्हॉइसमेल आधी उचलतो, आणि ईपीएबीएक्सला वाटते माणसाने उचलला. निरोप भलत्याच पेटीत जातो. यासाठी मोबाइलवर उचलणाऱ्याला ‘स्वीकारण्यासाठी १ दाबा’ असे सांगणारी सोय चालू करावी. यंत्र १ दाबत नाही. हंट ग्रुपमध्येही (एका नंबरवर अनेकांचे फोन ओळीने वाजण्याची सोय) असाच घोळ होतो : काही यंत्रणांमध्ये पहिल्या सदस्याचा स्वतःचा व्हॉइसमेल दुसऱ्याची रिंग वाजण्याआधीच कॉल गिळतो.

घड्याळाचा दोष साधा पण फार गोंधळात टाकणारा. सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेवर राहिला आणि कार्यालयीन वेळ ९.३० ते ६ अशी भरली, तर भारतात ती दुपारी ३ ते रात्री ११.३० अशी लागू होते. सकाळी फोन करणाऱ्या ग्राहकाला ‘कार्यालय बंद आहे, निरोप ठेवा’ ऐकू येते आणि आत माणसे फोन वाजण्याची वाट पाहत बसलेली असतात.

बीपनंतर

ध्वनिमुद्रणातले दोष वेगळ्या जातीचे. निरोप येतो पण त्यात नुसती शांतता असते, तेव्हा आवाजाची पाकिटे वाटेत अडलेली असतात : राउटरने आतला खासगी पत्ता बाहेर सांगितला, किंवा फायरवॉलने आरटीपीचे (आवाज वाहून नेणाऱ्या पद्धतीचे) पोर्ट उघडले नाहीत. राउटरमधली सिप एएलजी ही सिप संदेशांतले पत्ते बदलणारी ‘मदतीची’ सोय बंद केल्यावर प्रश्न सुटल्याचे अनेकांनी अनुभवले आहे.

पासवर्ड दाबूनही यंत्रणा ‘चूक’ म्हणते तेव्हा डीटीएमएफकडे, म्हणजे बटणांच्या स्वरांकडे, पाहावे. प्रत्येक बटण दोन स्वरांचे मिळून असते. ५ दाबले तर ७७० आणि १३३६ हर्ट्झ. जी.७२९ सारख्या आवाज दाबून पाठवणाऱ्या कोडेकमधून हे स्वर विकृत होतात. म्हणून बटणाची बातमी आवाजातून न पाठवता आरएफसी ४७३३ प्रमाणे वेगळ्या पाकिटातून पाठवतात. दोन्ही टोकांना एकच पद्धत निवडलेली असली पाहिजे. दोन्ही पद्धती एकदम चालू राहिल्या तर एक बटण दोनदा मोजले जाते.

महाराष्ट्रातल्या लहान कार्यालयांत आणि दवाखान्यांत जिथे तांब्याच्या ॲनालॉग लाइन्स आहेत, तिथला खास दोष म्हणजे न तुटणारा कॉल. समोरच्याने फोन ठेवला हे ॲनालॉग लाइनवर सरळ कळत नाही. एक्स्चेंज लाइनची ध्रुवता (विजेची धन-ऋण टोके) उलटवते किंवा एंगेज टोन वाजवते. भारतातला एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. अमेरिकेतला ४८० आणि ६२० हर्ट्झ मिळून, अर्धा सेकंद चालू-बंद. परदेशी मूळ सेटिंगवर राहिलेले यंत्र आपला टोन ओळखत नाही. मग प्रत्येक निरोपाच्या शेपटीला कित्येक मिनिटांचा टूं-टूं जोडला जातो, मेलबॉक्स भरतो, आणि तेवढा वेळ बाहेरची लाइनही अडकून राहते. देश म्हणून भारत निवडणे, टोनची वेळ ७५०-७५० मिलिसेकंद भरणे, लाइनवर ध्रुवता उलटत असेल तर तीही ओळखायला सांगणे, आणि निरोपाच्या लांबीला कमाल मर्यादा घालणे, एवढे केले की हा त्रास बहुधा थांबतो.

चाचणीची रीत

फोन कुठून आला याचे प्रकार लिहून काढावेत : आतले एक्स्टेंशन, बाहेरचा मोबाइल, लँडलाइन, ऑटो अटेंडंटमधून आलेला, रिसेप्शनवरून ट्रान्सफर केलेला. समोरची स्थिती लिहावी : उचलत नाही, एंगेज, डू नॉट डिस्टर्ब, वायर काढलेली, दुसरीकडे वळवलेला. पाच गुणिले पाच, पंचवीस कॉल. एका दुपारचे काम आहे. आतून आतल्या आत दोन फोन करून ‘चालतंय’ म्हणणे ही चाचणी नव्हे, कारण पत्ता हरवतो तो बहुधा बाहेरच्या ट्रंकवर.

प्रत्येक निरोपात नुसते ‘हॅलो, हॅलो’ म्हणू नये. ‘मोबाइलवरून, २१४ एंगेज असताना, दहा बेचाळीस’ असे बोलावे. नंतर निरोप चुकीच्या पेटीत सापडला तरी तो कुठून भरकटला हे त्याच्याच तोंडून कळते. चाचणीसाठी स्वतंत्र मेलबॉक्स घ्यावा किंवा ज्याची पेटी त्या माणसाला शेजारी बसवावे. दुसऱ्याचे निरोप त्याच्या परवानगीशिवाय ऐकण्याचा अधिकार तंत्रज्ञालाही नाही.

दोष दिसला की आधी तो पुन्हा घडवून पाहावा, मग एसएनग्रेप किंवा वायरशार्क या नेटवर्कवरचे संदेश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच एका कॉलचे सिप संदेश क्रमाने वाचावेत. कॉल व्हॉइसमेलपर्यंत आला का, येताना मूळ नंबर होता का, कोणत्या टोकाने आधी फोन ठेवला, या तीन उत्तरांनी अर्धे काम होते. सेटिंग एका वेळी एकच बदलावे आणि तोच कॉल पुन्हा लावावा. तीन सेटिंग्ज एकदम बदलून दोष गेला तर तो कशाने गेला हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला तो परत येतो.

पासवर्डची तपासणी याच फेरीत करावी. एक्स्टेंशन क्रमांक हाच पासवर्ड, किंवा १२३४, असे मेलबॉक्स जवळपास प्रत्येक जुन्या यंत्रणेत सापडतात. ब्रिटनमध्ये वार्ताहरांनी लोकांचे मोबाइल व्हॉइसमेल चोरून ऐकल्याचे जे प्रकरण २०११ साली ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे साप्ताहिक बंद पडण्यापर्यंत गेले, त्यात न बदललेल्या मूळ पासवर्डांचा मोठा वाटा होता. कार्यालयात धोका आणखी एक : मेलबॉक्समधून बाहेर फोन लावण्याची सोय चालू असेल तर परक्याला तुमच्या बिलावर परदेशी कॉल करता येतात. गरज नसेल तिथे ती सोय बंद ठेवावी.

दिव्याची चाचणी सर्वात शेवटी येते आणि ती दोन भागांची असते. निरोप आल्यावर फोनवरचा दिवा लागतो तो आरएफसी ३८४२ मधल्या सूचनेने. फोनने त्यासाठी आधी नोंदणी केलेली असावी लागते आणि मेलबॉक्सचे नाव दोन्हीकडे तंतोतंत सारखे असावे लागते. दिवा लागला की पुष्कळजण तपासणी संपवतात. पण चाचणीचे निरोप ऐकून, पुसून दिवा विझतो का हेही पाहायचे असते, आणि निरोप ईमेलमधून ऐकला तरी विझतो का हेही. कायम जळणाऱ्या दिव्याकडे आठवडाभरानंतर कोणी पाहत नाही, आणि मग खरा निरोप आला तरी तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.