दुधात पावडर कशी आली?

लहान मुलांच्या गोड पेयांचा विषय निघाला की बोट कोलाच्या बाटलीकडे जातं. पण अनेक मध्यमवर्गीय घरांत मुलाच्या पेल्यात साखर आली ती दुधातून, आणि तीही जवळजवळ औषधाच्या तोऱ्यात.

हॉर्लिक्स पावडरीचं अमेरिकेतलं पेटंट 1883 चं. कॅडबरी 1948 साली भारतात आली आणि बोर्नव्हिटा घरोघर पोचलं. पंजाबात नाभा इथे 1960 मध्ये हॉर्लिक्सचा कारखाना निघाला. त्या काळी मुंबईत दूध कार्डावर मिळायचं, तेही मोजून. आजारी माणसाला, बाळंतिणीला, किरकोळ अंगाच्या पोराला काहीतरी ‘ताकदीचं’ द्यावं, ही समजूत तेव्हा अगदीच निराधार नव्हती. पुढे ऑपरेशन फ्लडमुळे दूध मुबलक झालं, पण डबा फडताळावरून काही हलला नाही. जाहिरातींनी त्याला नवी कामं दिली: उंची वाढवणं, बुद्धी तल्लख करणं. बोर्नव्हिटाची प्रश्नमंजूषा तर आधी रेडिओवर, मग टीव्हीवर वर्षानुवर्षं चालली. कोणत्या आईला हे नको असेल?

डब्यामागचा बारीक मजकूर मात्र क्वचितच कुणी वाचत असे. एप्रिल 2023 मध्ये समाजमाध्यमावरच्या एका व्हिडिओने बोर्नव्हिटातल्या साखरेवर बोट ठेवलं. तेव्हा 100 ग्रॅम पावडरीत वरून घातलेली साखर 37.4 ग्रॅम होती. वर्ष सरता सरता कंपनीने ती 32.2 वर आणली. शिवाय पावडर घातल्यावर ‘जरा गोड लागू दे’ म्हणून आई-आजी साखरेचा आणखी एक चमचा घालतात, तो कुठल्याच लेबलवर नसतो.

एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना ही पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितली. कारण साधं होतं: 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात अशा पेयाची व्याख्याच नाही. एवढी वर्षं खपलेला शब्द कायद्याने कधी ओळखलाच नव्हता! हॉर्लिक्सवाल्या कंपनीनेही त्याच महिन्यात आपल्या या पेयांच्या गटाच्या नावातून ‘हेल्थ’ हा शब्द काढला.

मे 2025 मध्ये सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे जास्त साखरेचे धोके सांगणारे फलक, लावायला सांगितलं. त्या पत्रकानुसार 4 ते 10 वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी 13 टक्के साखरेतून येतात. शिफारस 5 टक्क्यांची आहे. फलक शाळेत लागतो. सकाळी आजोबांच्या बशीतला गोड चहा फुंकर मारून पिणारं तीन वर्षांचं पोर अजून शाळेतच गेलेलं नसतं.