जोडछायाचित्र चित्र म्हणून कधी उभं राहतं? एक पार्श्वभूमी

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट आणि त्याच्या मागे परातीएवढा पूर्ण चंद्र. फोनवरून फिरणाऱ्या चित्रांत आणि फोटोस्पर्धांत हे दृश्य पुन्हा पुन्हा येतं. बघणारा बहुतेक वेळा दोनपैकी एक बोलतो: "हे जोडलेलं आहे" किंवा "जोड कळतसुद्धा नाही!" पहिल्या शेऱ्याने चित्र बाद होतं, दुसऱ्याने पास. दोन्ही शेरे सांध्याबद्दलचे, म्हणजे दोन तुकडे जिथे जुळतात त्या जागेबद्दलचे आहेत. त्या चंद्रामुळे चित्राला काय मिळालं, हे कुणी विचारत नाही. ही सवय जुनी आहे, निगेटिव्ह काचेची असायची तेव्हापासूनची.

जोडकाम, म्हणजे वेगवेगळ्या निगेटिव्हमधून एक चित्र करणं, सुरू झालं ते नाइलाजाने. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची, म्हणजे काचेवर रसायनाचा ओला थर देऊन फोटो घेण्याची पद्धत जाहीर केली. त्या काचेला निळा प्रकाश फार लवकर लागायचा. हिरवा फार थोडा आणि लाल जवळजवळ नाहीच. झाडं आणि जमीन नीट यावी म्हणून हवा तेवढा वेळ भिंग उघडं ठेवलं, की आकाश जळून जायचं. ढग आणि निळं आकाश काचेवर सारखेच दाट उमटायचे, छापावर सगळं पांढरं. उपाय सरळ होता: आकाशासाठी वेगळी, कमी वेळाची काच. फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रं अशी केली. खालचा भाग एका काचेवरून, वरचा दुसऱ्या काचेवरून, सांधा क्षितिजावर. जागा अचूक निवडलेली, कारण तिथे निसर्गतःच रेघ असते.

पण ल ग्रे यांनी एकच आकाश वेगवेगळ्या समुद्रांवर वापरलं, आणि तिथे पारखीचा पहिला धडा मिळतो. ढगाआडून जिथे उजेड फुटतो, त्याच्या बरोबर खालचं पाणी चकाकायला हवं. चकाकी डावीकडे आणि उजेड उजवीकडे असेल, तर सांधा बेमालूम असूनही डोळा अडखळतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, एवढंच.

नाइलाजाची ही युक्ती ऑस्कर गुस्ताव्ह रेलँडर यांनी १८५७ मध्ये थेट चित्रकलेच्या आखाड्यात उतरवली. मँचेस्टरच्या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांनी 'टू वेज ऑफ लाइफ' हे सुमारे १६ इंच उंच आणि ३१ इंच रुंद चित्र मांडलं. एका बाजूला सन्मार्ग, दुसऱ्या बाजूला भोगविलास, मध्ये दोन तरुण. तिसाहून जास्त निगेटिव्ह, सहा आठवड्यांचं काम. एकेक काच कागदावर ठेवायची, बाकीचा कागद काळ्या कापडाने झाकायचा, उन्हात छापायचं, मग पुढची काच. ऊन दर तासाला बदलतं, म्हणजे प्रत्येक भागाची वेळ अंदाजाने धरायची. शेवटच्या काचेला चूक झाली, तर सगळा कागद वाया.

राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत घेतली. स्कॉटलंडमध्ये मात्र विवस्त्र स्त्रियांमुळे वाद झाला, आणि एका प्रदर्शनात ती अर्धी बाजू पडद्याआड ठेवून उरलेलं चित्र दाखवलं गेलं. तक्रारी दोन तऱ्हेच्या होत्या: विषय अश्लील आहे, आणि छायाचित्राने असं रचलेलं दृश्य दाखवणं हीच लबाडी आहे. आज ते चित्र निवांत पाहिलं की तिसरीच अडचण दिसते. त्यातली जवळजवळ प्रत्येक आकृती स्वतःपुरती उभी आहे. वेगवेगळ्या दिवशी एकेकटं बसवून फोटो काढल्यामुळे कुणाची नजर दुसऱ्याच्या नजरेला धड भिडत नाही. सांधे उत्तम, पण माणसं एकमेकांच्या सोबत नाहीत. रेलँडर पुढे या कामाला कंटाळले. त्यात ना पैसा ना मान, असं त्यांनी कळवलं ते हेन्री पीच रॉबिन्सन या दुसऱ्या जोडकाम करणाऱ्या छायाचित्रकाराला.

रॉबिन्सन यांनी १८५८ मध्ये पाचच निगेटिव्हमधून 'फेडिंग अवे' हे मरणाच्या दारातल्या मुलीचं चित्र केलं. मुलगी, तिच्याजवळच्या दोन बायका, खिडकीकडे तोंड करून पाठमोरा उभा पुरुष. तो पाठमोरा आहे, म्हणून त्याची नजर जुळवायची गरजच उरत नाही. आणि त्याची पाठ नेमकं तेच सांगते जे चेहरा सांगू शकला नसता. रॉबिन्सन आधी कागदावर कच्चं रेखाटन करत आणि मग त्या मापाने एकेक आकृतीचा फोटो घेत. सांधा शक्यतो पडद्याच्या कडेला, कपड्याच्या गडद चुणीत, जिथे मुळातच कड असेल तिथे. या चित्रावरही ओरड झाली, पण ती "इतकं दुःख कशाला दाखवायचं" अशी. म्हणजे लोक सांधा विसरून त्या मुलीकडे बघत होते. जोडछायाचित्राला याहून मोठी पावती नाही.

मुंबईत हे लवकर पोचलं. इथली फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या छायाचित्रकारांपैकी एक. याच मुंबईत विल्यम जॉन्सन यांनी इथल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यांतली चित्रं जोडलेली आहेत: माणसांचा समूह एका निगेटिव्हवरून, मागची इमारत किंवा देखावा दुसऱ्यावरून. पगडी, पागोटं, लुगडं स्पष्ट दिसावं म्हणून माणसं मऊ, सावरलेल्या उजेडात घ्यायची आणि मागे ऊन पडलेली वास्तू लावायची, तर दोन उजेडांचं भांडण होणारच. अशा छापात पहिल्यांदा पावलं पाहावीत. माणसाच्या वजनाने तळव्याखाली जी बारीक गडद रेघ पडते ती नसेल, तर माणूस तरंगतो. मग मागच्या दाराची उंची पाहावी; त्या दारातून पुढची माणसं आत जाऊ शकतील का? या खंडांत जोडीचा हेतू सजावट आणि वर्गवारी यांच्यामध्ये कुठेतरी अडकतो. मागची जागा त्या लोकांची असेलच असं नाही, पण छायाचित्र म्हटल्यावर वाचणारा ती त्यांची समजतो. इथे सांध्यापेक्षा मोठी खोट हेतूत आहे, असं आमचं मत.

१८८९ मध्ये छायाचित्रकार पीटर हेन्री एमर्सन यांनी रॉबिन्सनपंथीयांवर झोड उठवली. त्यांचा एक मुद्दा आजही उपयोगी आहे: डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट पाहतो, सगळं एकसारखं धारदार दिसणं अनैसर्गिक. वेगवेगळ्या निगेटिव्हमधला प्रत्येक तुकडा स्वतःपुरता फोकस केलेला असतो. म्हणून जोडचित्रात दोन फुटांवरचा हात आणि दोनशे फुटांवरचं झाड सारखंच टोकदार येतं, आणि सगळं चित्र कातरकामासारखं सपाट होतं.

पुढच्या काळात मुंबईत जोडकाम तीन ठिकाणी रुळलं. दादासाहेब फाळक्यांच्या पौराणिक चित्रपटांतल्या चमत्कारांत ते कॅमेऱ्याच्या आतच होई: भिंगाचा अर्धा भाग झाकायचा, हँडलचे फेरे मोजत चित्रण करायचं, फिल्म तितकीच मागे घ्यायची आणि उरलेला अर्धा उघडायचा. दुसरं ठिकाण सिनेमाची पोस्टर. नटांचे ब्रोमाइड प्रिंट कापून चिकटवायचे आणि वरून रंग चढवायचा. तिथे सांधा लपवायचा नसेच. रंगाचे फटकारे सगळ्यांवरून एकाच हाताने फिरल्यामुळे वेगवेगळे फोटो एका चित्रात बसत.

तिसरं ठिकाण गल्लीतला फोटो स्टुडिओ, आणि पारख शिकायची तर इथे थांबायला हवं. वडील गेलेले, आईबरोबर एकही फोटो नाही. घरची माणसं दोन वेगळे फोटो घेऊन येत आणि "एकत्र करून द्या" म्हणत. स्टुडिओवाला दोन्ही फोटोंचे प्रिंट अशा मापात काढी की डोकी सारखी यावीत. मग धारदार पात्याने आकृती कापायची, कागदाची जाडी कडेला दिसू नये म्हणून मागून पॉलिश पेपरने घासून कड पातळ करायची, चिकटवायची, ब्रशने सांधा भरायचा आणि सगळ्याचा पुन्हा फोटो घेऊन नवी निगेटिव्ह करायची. प्रत्येक कॉपीत मधल्या छटा कमी होतात, काळं-पांढरं वाढतं. त्यामुळे एक भाग आधीच कॉपी केलेला आणि दुसरा मूळ निगेटिव्हवरचा असेल, तर एक चेहरा राकट आणि दुसरा मऊ येई.

सगळ्यात फसवी चूक उजेडाच्या दुरुस्तीतून होई. वडिलांवर उजेड डावीकडून, आईवर उजवीकडून. सोपा उपाय म्हणून एक निगेटिव्ह उलटी घालायची. उजेड जुळला, पण आईची उलटली तर पदर उजव्या खांद्यावर गेला, वडिलांची उलटली तर शर्टाची बटणपट्टी बायकी झाली, घड्याळ उजव्या मनगटावर आलं, भांग दुसऱ्या बाजूला पडला. परक्याला यातलं काही जाणवत नाही. मुलीला मात्र आपली आई वेगळीच कुणी वाटते. चेहरा उलटला की ओळख बिघडते. चांगला कारागीर त्यापेक्षा उजेडाची चूक राहू देई आणि पार्श्वभूमी गडद करून ती झाकी. असे कित्येक फोटो हार घालून भिंतींवर आहेत. त्यांचा सांधा लांबून दिसतो, तरी चित्र म्हणून ते पडत नाहीत, कारण ती दोन माणसं एका चौकटीत यायला भक्कम कारण आहे आणि बघणाऱ्याला ते पहिल्या नजरेत कळतं.

बाहेरच्या जगात हाच मुद्दा दोन टोकांनी सिद्ध झाला. १९३० च्या दशकात जर्मन कलाकार जॉन हार्टफील्ड यांनी नाझींविरुद्ध जोडचित्रं केली. दोन गोष्टींची धडक दाखवणं हेच तिथे काम होतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत जेरी युल्समन अनेक एन्लार्जर (निगेटिव्हचं मोठं चित्र कागदावर पाडणारी यंत्रं) ओळीने मांडत, प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह, आणि एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली सरकवत. सांधा कुठेच सापडत नाही, दृश्य मात्र उघडउघड अशक्य. फसवणूक दोघांतही नाही.

बातमीची गोष्ट वेगळी. २००३ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या छायाचित्रकाराने इराकमधल्या बसऱ्यातले काही क्षणांच्या अंतराचे दोन फोटो जोडले. चित्र दोन्ही मूळ फोटोंपेक्षा जोरदार झालं, पण मागच्या गर्दीतली काही माणसं दोनदा आल्याचं लक्षात आलं आणि त्याची नोकरी गेली. चित्र उभं राहिलं, बातमी पडली. हे दोन निकाल वेगळेच ठेवायला हवेत. स्पर्धांच्या नियमांतही म्हणूनच निसर्ग आणि प्रवास या विभागांत जोडकामाला बंदी असते. खुल्या विभागात ते चालतं, पण प्रत्येक तुकडा स्पर्धकाने स्वतः टिपलेला असावा लागतो.

फोटोशॉप १९९० मध्ये आलं, त्यात लेयर (एकावर एक ठेवायचे चित्राचे वेगवेगळे थर) १९९४ मध्ये आले, आणि २०२० पासून एका बटणावर आकाश बदलता येतं. ल ग्रे यांचीच युक्ती, पण क्षितिज निवडायचे कष्ट गेले. कष्ट गेले की विचारही जातो, म्हणून चुका त्याच राहिल्या. मुंबईत त्या तपासायला भूगोल मदतीला येतो. शहर १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी दुपारी पावणेसहा फुटी माणसाची सावली साधारण पाच फूट पडते, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास साधारण दोन फूट, आणि मेच्या मध्याला व जुलैच्या शेवटी एकेक दिवस नाहीशी होते. त्या दोन दिवसांच्या दरम्यान भरदुपारची सावली दक्षिणेकडे वळते. मे महिन्यातल्या दुपारच्या रस्त्यावर लांब सावलीचा माणूस उभा केला, तर तो दुसऱ्या ऋतूतून आलेला असतो. गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीतून बंदराच्या दिशेने पाहताना सूर्यास्त दिसणार नाही, ती पूर्वेची बाजू आहे.

मरीन ड्राइव्हला क्षितिज समोरच असतं, म्हणून परीक्षा सोपी. कॅमेरा पाच फुटांवर असेल, तर सपाट जमिनीवर उभ्या प्रत्येक माणसाला, जवळच्या आणि लांबच्याही, क्षितिजाची रेघ पाच फुटांच्या उंचीवरच छेदते. कुणाच्या डोळ्यांवरून आणि कुणाच्या कमरेवरून गेली, की बाहेरून आणलेला कोण ते कळलं. चौपाटीवरून नरिमन पॉइंटकडे पाहिलं तर मधल्या दमट हवेने तिथल्या इमारतींत निखळ काळं उरत नाही, सगळ्यात गडद जागाही राखाडी असते. तिथे कुट्ट काळ्या खिडक्यांची इमारत लावली तर ती स्टिकर दिसते. पावसात ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब पावलाला टेकूनच सुरू व्हायला हवं. तपासताना चित्र आधी पोस्टकार्डाएवढं करून पाहावं, मग आरशातल्यासारखं आडवं उलटवून. सवयीच्या डोळ्याने झाकलेला तोल तेव्हा उघडा पडतो. शंभर टक्के मोठं करून केसांच्या कडा आणि दाणा पाहायचा तो सगळ्यात शेवटी. बहुतेक परीक्षक तिथूनच सुरुवात करतात, आणि घोळ तिथेच होतो.

आता तो चंद्र. तो आकाशात सुमारे अर्धा अंश व्यापतो. २४ मिलिमीटरच्या भिंगाने पूर्ण फ्रेम कॅमेऱ्यावर आडव्या चौकटीत तो उंचीच्या जेमतेम एकशेदहाव्या भागाएवढा येतो. दहा मीटर रुंदीची वस्तू चंद्राएवढी दिसायला ती कॅमेऱ्यापासून जवळजवळ अकराशे मीटर दूर हवी, आणि टर्मिनससमोर, महापालिकेच्या चौकात, एवढं मोकळं अंतर नाही. दिशा मात्र बरोबर आहे: दर्शनी बाजू पश्चिमेकडे असल्याने पौर्णिमेला संध्याकाळी चंद्र इमारतीच्या मागच्या अंगालाच उगवतो. खालच्या टॅक्सींचे दिवे लागलेले असले आणि चंद्रावर भरदुपारचा थंड पांढरा रंग असला, तर तो काढून आधी पिवळट करावा; क्षितिजाजवळचा चंद्र तसाच असतो. मग चंद्राचा लेयर बंद करून पाहावं. घुमट, त्यावरची प्रगतीची मूर्ती आणि चौकातली गर्दी एवढ्यावर चौकट भरलेली वाटली, तर तो लेयर पुन्हा सुरू करायचं कारण नाही.