तुरटपणाचे रसायन : बोर्दोची मिश्र लाल वाईन

एकाच जातीच्या द्राक्षाची वाईन अस्सल आणि अनेक जाती मिसळून केलेली दुय्यम, असा समज बराच रूढ आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बोर्दो प्रदेशाच्या बाबतीत तो मुळीच टिकत नाही, कारण तिथल्या नामांकित लाल वाईन बहुतांशी मिश्रच असतात. त्यांत कॅबर्ने सोव्हिन्यों, मर्लो आणि कॅबर्ने फ्रांक या प्रमुख जाती असतात. पेती व्हेर्दो आणि माल्बेक यांचा वाटा थोडा असतो.

या मिश्रणाचे मूळ जमिनीत आणि हवामानात आहे. गारॉन आणि दॉर्दोन्य या नद्यांच्या संगमातून जिराँदचे रुंद नदीमुख तयार होते. त्याच्या डाव्या तीरावरील मेदॉकमधली गोटेमिश्रित जमीन पाण्याचा झटपट निचरा करते आणि दिवसाची ऊब धरून ठेवते. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्योंला ती मानवते. उजवीकडील पोमेरोलच्या थंड, ओलसर चिकणमातीत लवकर पिकणारे मर्लो चांगले येते. मर्लोचे कोंबही लवकर फुटत असल्याने वसंतातल्या गोठणाऱ्या थंडीचा फटका त्याला बसतो, तर कॅबर्ने सोव्हिन्योंला शरद ऋतूतल्या पावसाचे भय असते. दोन्ही लावणारा शेतकरी एका अर्थी विमाच उतरवत असतो.

परंतु मिश्रणाचे खरे कौतुक टॅनिनमध्ये, म्हणजे वाईनला तुरटपणा आणणाऱ्या द्रव्यांत आहे. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असणारी ही पॉलिफेनॉल संयुगे, रस सालींसह आंबवला जात असताना वाईनमध्ये उतरतात. कॅबर्ने सोव्हिन्योंचे मणी लहान आणि जाड सालीचे असल्याने गराच्या मानाने साल आणि बिया अधिक, म्हणून टॅनिनही अधिक. मर्लोचे मणी मोठे आणि साल पातळ, म्हणून ती वाईन मऊ लागते.

आपल्या षड्रसांत तुरट हा रस मोजला जातो, पण तुरटपणा ही चवीपेक्षा मुख्यतः स्पर्शाची जाणीव आहे, असे आज बहुतेक संशोधक मानतात. लाळेत प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रथिने असतात. प्रोलीनच्या ताठर वलयामुळे या प्रथिनांच्या साखळ्यांची घट्ट गुंडाळी होत नाही. त्या पसरलेल्या राहतात आणि टॅनिनला चिकटायला भरपूर जागा मिळते. टॅनिनची बेंझिनसदृश वलये प्रोलीनच्या वलयांवर टेकतात, फेनॉलचे हायड्रॉक्सिल गट साखळीतील कार्बोनिल गटांशी हायड्रोजन बंध जोडतात आणि एकच टॅनिन रेणू दोन साखळ्यांमध्ये पूल बांधतो. असे पूल वाढले की पुंजके होऊन प्रथिने साक्याच्या रूपात खाली बसतात, लाळेचे वंगण कमी होते आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. पुढच्या घोटाला वंगण आधीच घटलेले असल्याने तुरटपणा साचत जातो. झाडपाला खाणाऱ्या काही हरणांच्या लाळेतही अशी प्रथिने असतात, कारण पानांतल्या टॅनिनला ती तोंडातच अडवतात.

मेदॉकमधल्या पोइयाक गावाच्या कोकराच्या मांसाशी कॅबर्नेप्रधान वाईनची जोडी का जमते, हे आता उलगडते. मांसातली प्रथिने टॅनिनला आणखी एक सावज पुरवतात, आणि चरबीने आलेला बुळबुळीतपणा व टॅनिनची खरखर एकमेकांना छेद देतात. मर्लोप्रधान वाईनला इतक्या चरबीची गरज नसते. भाजलेले बदक किंवा अळंबी तिला पुरतात.

लाल वाईन हृदयाला हितकर असल्याचा गाजावाजा मात्र या रसायनाच्या नावावर खपवू नये. द्राक्षाच्या सालीतल्या ज्या रेस्व्हेराट्रॉल या पॉलिफेनॉलचे गोडवे गायले जातात ते वाईनमध्ये लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम असते, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

माशाबरोबर लाल वाईन नको, या नियमाचा दोषही बहुधा टॅनिनवर ढकलला जातो. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये शिंपल्यांवर केलेल्या प्रयोगांत मात्र तोंडात रेंगाळणारा हिवसपणा वाईनमधल्या लोहाच्या प्रमाणाबरोबर वाढला, आणि लोहाला बांधून ठेवणारे द्रव्य घातल्यावर तो कमी झाला.