झलक आधी दुकानदारासाठी होती

डिसेंबर २०२३ मध्ये आठवड्याभराच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ या गेमचा पहिला ट्रेलर ठरल्या वेळेच्या काही तास आधीच फुटला, म्हणून रॉकस्टार कंपनीने तो लगेच यूट्यूबवर टाकला. भारतात तेव्हा ५ तारखेची पहाट होती. चोवीस तासांत तो नऊ कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. त्यानंतर १२ डिसेंबरला अमेरिकेतल्या गेम कंपन्यांच्या संघटनेने जाहीर केले, की ई-थ्री हे प्रदर्शन आता पुन्हा कधीच भरणार नाही. पंचवीस वर्षे जगभरच्या गेमप्रेमींनी ज्याची वाट पाहिली, ते प्रदर्शन दोन ओळींच्या निरोपाने संपले.

या दोन बातम्या एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. येणाऱ्या वस्तूची झलक आधी कोणाला दाखवायची, हा प्रश्न या धंद्यात पहिल्यापासून आहे आणि त्याचे उत्तर दर काही वर्षांनी बदलत आले आहे.

सुरुवातीला उत्तर अगदी सरळ होते: दुकानदाराला. कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स शो, म्हणजे सीईएस, जून १९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा भरला. त्याआधी रेडिओ-टीव्हीवाले शिकागोच्या संगीत-साहित्याच्या प्रदर्शनातच आपले स्टॉल लावत. १९७८ पासून तो वर्षातून दोनदा होऊ लागला, जानेवारीत लास व्हेगासला आणि जूनमध्ये शिकागोला. यातल्या जूनला कारण होते. अमेरिकेत खेळण्यांची आणि गेमची मोठी विक्री नाताळात होते आणि तो माल दुकानदाराला उन्हाळ्यातच नोंदवावा लागतो. झलक ही त्या नोंदणीसाठी होती. ज्या मुलाच्या हातात अखेर जॉयस्टिक जाणार, त्याला तिथे प्रवेशच नव्हता.

दुकानदाराचा शब्द किती जड होता, हे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने अनुभवले. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. दुकानांत न विकल्या गेलेल्या गेमच्या कार्ट्रिजचे ढीग लागले आणि ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द काढला तरी दुकानदार मान फिरवत. जानेवारी १९८५ च्या सीईएसमध्ये निन्टेन्डोने आपले यंत्र ‘अ‍ॅडव्हान्स्ड व्हिडिओ सिस्टिम’ या नावाने कीबोर्डसकट मांडले. फारशी कोणी दखल घेतली नाही. मग नाव बदलून ‘निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम’ झाले, पेटीला व्हीसीआरसारखे तोंड दिले गेले आणि जोडीला एक खेळण्यातला रोबो आला. तो रोबो गेमसाठी फार कामाचा नव्हता, पण दुकानदाराला ही वस्तू खेळण्यांच्या फळीवर ठेवायला निमित्त मिळाले. ऑक्टोबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानांना कंपनीने सांगितले, की जेवढे विकेल तेवढ्याचेच पैसे द्या, उरलेला माल आम्ही परत नेऊ. गेमच्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे वळण आहे असे मला वाटते, कारण इथे यंत्र होते तेच राहिले आणि बदलले ते सगळे दाखवण्याच्या पद्धतीत बदलले.

जून १९९१ मध्ये शिकागोलाच सोनीने निन्टेन्डोबरोबरच्या ‘प्ले स्टेशन’ या सीडीवर चालणाऱ्या यंत्राची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने आपण फिलिप्सबरोबर जात असल्याचे सांगितले. भर बाजारात झालेला तो अपमान सोनी विसरली नाही.

गेमवाल्यांची सीईएसवर नाराजीही होती. टीव्ही आणि ऑडिओच्या कंपन्यांना दर्शनी जागा मिळे आणि गेमवाल्यांना मागची. सेगा या जपानी गेम कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्के यांनी पुढे सांगितले, की त्यांना एका तंबूत बसवले होते, तिथे पोचायला प्रौढांच्या चित्रफितींच्या स्टॉलमधून वाट काढावी लागे आणि पावसाचे पाणी त्यांच्या यंत्रांवर गळत होते. तशात डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली. सरकारने कायदा करण्याआधी आपणच काही करावे म्हणून कंपन्यांनी १९९४ मध्ये संघटना उभी केली आणि वयानुसार दर्जा ठरवण्याची व्यवस्था लावली. याच संघटनेने स्वतःचे प्रदर्शन काढले.

पहिले ई-थ्री ११ ते १३ मे १९९५ दरम्यान लॉस एंजेलिसमध्ये भरले. सेगाचे सॅटर्न हे कन्सोल, म्हणजे गेम खेळायचे यंत्र, २ सप्टेंबरला येणार, असे तोवर सगळ्यांना सांगितलेले होते. कॅलिन्स्के मंचावर आले आणि म्हणाले, की किंमत ३९९ डॉलर आणि यंत्र आजपासूनच दुकानांत आहे. हा निर्णय जपानच्या मुख्यालयाचा होता, कॅलिन्स्के यांच्या मनाविरुद्धचा. स्वतःचे प्लेस्टेशन घेऊन आलेल्या सोनीची पाळी आली तेव्हा तिच्या अमेरिकी शाखेचे स्टीव्ह रेस भाषण करायला उठले, त्याची डॉलरमधली किंमत, ‘२९९’, एवढेच म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सॅटर्न मोजक्याच दुकान-साखळ्यांना मिळाले होते. ज्यांना डावलले गेले त्यांच्यातल्या केबी टॉईजने सेगाचा माल ठेवणेच थांबवले. गेम तयार करणाऱ्यांचीही तयारी सप्टेंबरची होती, त्यामुळे मे महिन्यात यंत्र हाती आले तरी त्यावर खेळायला फार थोडे होते.

ही घटना सहसा ‘सोनीचा विजय’ म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात दुसरेच दिसते. सेगाने गिऱ्हाइकाला चकित करायला दुकानदाराला अंधारात ठेवले. झलक कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर तिथे पहिल्यांदा डळमळले, आणि तेव्हा दुकानदार अजून इतका बलवान होता की त्याने किंमत वसूल केली.

पुढची वर्षे पत्रकारांची होती. दुकानदारापाठोपाठ त्यांनाच आत प्रवेश असे. अर्धवट तयार झालेला गेम बंद खोलीत दहा-पंधरा मिनिटे खेळायचा, बनवणाऱ्यांना प्रश्न विचारायचे, आणि मग मासिकात चार पाने लिहायची. वाचकापर्यंत ते पोचायला दीड-दोन महिने जात. आपल्याकडे ही झलक आणखी उशिराने येई, ‘डिजिट’सारख्या मासिकाबरोबरच्या सीडीतून. त्या सीडीवरचा एका पातळीचा डेमो म्हणजे अनेकांसाठी संपूर्ण गेमच असे. मूळ गेमची किंमत परवडणारी नव्हती आणि डाऊनलोडची सोय नव्हती, म्हणून तीच एक पातळी शंभर वेळा खेळली जाई.

या काळात फसवणूकही झाली आणि ती विसरता कामा नये. २००५ च्या ई-थ्रीमध्ये प्लेस्टेशन ३ साठी ‘किलझोन’चे जे दृश्य दाखवले, ते प्रत्यक्ष यंत्रावर चालणारे नव्हते, आधी तयार करून ठेवलेली चित्रफीत होती. गेम आला २००९ मध्ये. २०१२ मध्ये दाखवलेला ‘वॉच डॉग्ज’ दोन वर्षांनी हातात आला तेव्हा रस्त्यांवरचा तो उजेड आणि ती गर्दी बरीच फिकी झालेली होती. तरीही ही लबाडी पकडली गेली, कारण तिथे विचारणारे लोक होते. ‘हे खरे चालते आहे का, मला खेळून बघू द्या,’ असे म्हणणारा माणूस खोलीत असला की दाखवणाऱ्याला थोडे जपून बोलावे लागते.

ऑक्टोबर २०११ मध्ये निन्टेन्डोने त्या माणसाला वगळायचा मार्ग शोधला. कंपनीचे अध्यक्ष सातोरु इवाता स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, दोन्ही हात पुढे करून ‘थेट तुमच्यापर्यंत’ अशी खूण केली आणि येणारे गेम दाखवले. ‘निन्टेन्डो डायरेक्ट’ असे नाव ठेवले. २०१३ मध्ये निन्टेन्डोने ई-थ्रीतली मोठी पत्रकार परिषदच सोडली. त्याच वर्षी सोनीने मंचावरून प्लेस्टेशन ४ ची किंमत ३९९ डॉलर सांगितली, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनपेक्षा शंभर डॉलरने कमी. अठरा वर्षांपूर्वीचीच खेळी, तेवढ्याच फरकाने. तसा क्षण ई-थ्रीच्या मंचावर पुन्हा आला नाही.

उतरण नंतर भराभर झाली. २०१७ मध्ये तिकीट लावून सामान्य लोकांना आत घेतले. २०१९ मध्ये सोनी आलीच नाही, आणि त्याच उन्हाळ्यात संघटनेच्या संकेतस्थळावरून दोन हजारांहून अधिक पत्रकार आणि इतरांचे पत्ते व फोन नंबर उघड्यावर पडले. २०२० मध्ये साथ आली. २०२१ चे प्रदर्शन ऑनलाईन झाले, नंतरची दोन रद्द झाली.

आता झलक थेट आपल्या मोबाइलवर येते. ती घरबसल्या, फुकट आणि त्याच क्षणी मिळते. पण एकतर्फी चित्रफितीत काय गाळायचे हेही दाखवणाराच ठरवतो. २ एप्रिल २०२५ ला निन्टेन्डोने ‘स्विच २’ हे आपले नवे यंत्र तासभर उलगडून दाखवले. त्या तासात किंमत आलीच नाही. ४४९.९९ डॉलरचा आकडा नंतर लेखी पत्रकातून कळला. १९९५ मध्ये किंमत हेच सगळे भाषण होते! ‘सायबरपंक २०७७’चे तर आणखी वाईट झाले. डिसेंबर २०२० मध्ये प्रकाशनाआधी परीक्षकांना फक्त पीसीवरची प्रत मिळाली आणि स्वतः टिपलेली दृश्ये दाखवायलाही मनाई होती. जुन्या कन्सोलवर गेम किती मोडका आहे, हे लोकांना पैसे भरल्यावर समजले. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाईन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत दिले.

थेट दाखवण्याचा फायदा छोट्यांना झाला, हेही तितकेच खरे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सची ‘राजी’ १८ ऑगस्ट २०२० ला निन्टेन्डोच्या छोट्या गेमसाठीच्या ऑनलाईन कार्यक्रमात दिसली आणि त्याच दिवशी विकायलाही आली. लॉस एंजेलिसला स्टॉल लावण्याचा खर्च अशा चमूला कुठून झेपला असता? पुण्यात तयार झालेली, आपल्या पुराणांतून आलेली गोष्ट त्या कार्यक्रमामुळे एका दिवसात जगापुढे गेली.

आणि डेमो परत आला आहे. २०१९ च्या अखेरीस स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाईन दुकानाने एक छोटा उत्सव भरवला, २०२१ पासून त्याला ‘नेक्स्ट फेस्ट’ म्हणतात. वर्षातून काही वेळा आठवडाभर शेकडो येऊ घातलेले गेम कोणीही उतरवून खेळून पाहतो. सीडीवरची ती एक पातळी आता कोणाच्याही संगणकावर येते आणि बनवणारे स्वतः थेट प्रक्षेपणात बसून प्रश्नांना उत्तरे देतात. मोठ्या कंपन्या मात्र तिथे अजून फारशा फिरकत नाहीत.