एक गोळी, दोन विषाणू

एचआयव्हीवर आता दर दोन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन मिळतं. रोजच्या गोळीतून सुटका म्हणून ते हवंसं वाटणं साहजिक आहे. पण घेण्याआधी एक रिपोर्ट पाहावाच लागतो, हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूचा. तो पॉझिटिव्ह असेल, तर एचआयव्ही काबूत राहील आणि यकृत मात्र गोत्यात येईल.

त्याचं मूळ एका विचित्र साम्यात आहे. एचआयव्ही आरएनएचा विषाणू, बी डीएनएचा. तरी स्वतःच्या प्रती काढताना दोघंही आरएनएवरून डीएनए घडवतात. सजीवांच्या नेहमीच्या रीतीच्या हे अगदी उलट. एचआयव्हीच्या अनेक गोळ्यांत असणारं टेनोफोव्हिर हे औषध डीएनएच्या साखळीतल्या कडीचं सोंग घेऊन आत शिरतं, पण त्याला पुढची कडी जोडताच येत नाही. साखळी अर्धवट राहते, दोन्ही विषाणूंची. अमेरिकेत हे औषध २००१ साली एचआयव्हीसाठी मंजूर झालं आणि २००८ साली बीसाठीही.

म्हणजे एचआयव्हीची गोळी घेणाऱ्या अनेकांच्या बीवर नकळत उपचार चालू असतात. गंमत इथे संपते. बीचा विषाणू यकृताच्या पेशींच्या केंद्रकात स्वतःची मूळ प्रत, डीएनएचं एक छोटं वेटोळं, दडवून ठेवतो. टेनोफोव्हिर नव्या प्रती रोखतं, या वेटोळ्याला हात लावू शकत नाही. गोळी सुटली की विषाणू उसळतो, आपली प्रतिकारशक्ती बाधित पेशींवर तुटून पडते, आणि यकृत सुजतं ते मुख्यतः या हल्ल्यामुळे. त्या इंजेक्शनातली कॅबोटेग्राविर आणि रिल्पिव्हिरिन ही दोन्ही औषधं बीवर चालत नाहीत. दोन्ही विषाणूंवर चालणाऱ्या लॅमिव्हुडिन या औषधावरही एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही, कारण काही वर्षांत बी त्याला दाद देईनासा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एचआयव्हीसह जगणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना बी आणि २३ लाखांना हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृताचाच आणखी एक विषाणू, आहे. रक्त, लैंगिक संबंध, आईकडून बाळाला : वाटा त्याच, म्हणून सोबतही वारंवार. शिवाय जोडीला एचआयव्ही असला की सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण होत जाणं, लवकर गाठतो.

सीची गोष्ट मात्र सुखाची आहे. तो केंद्रकात काही दडवून ठेवत नाही, त्यामुळे तो पुरता निघून जातो. पूर्वी वर्षभर इंटरफेरॉनची इंजेक्शनं, ताप आणि नैराश्य सोसूनही अनेकांच्या हाती काही लागत नसे. आता बहुतेकांना ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि एचआयव्ही असलेल्यांतही ९५ टक्क्यांहून अधिक जण बरे होतात. फक्त सी हटला की दबलेला बी कधीकधी डोकं वर काढतो. म्हणून आधी बीची तपासणी.

बीची लागण झालेलीच नसेल, तर लस आहे. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी घटलेल्यांत ती कमी लागू पडते. त्यामुळे अनेकदा दुप्पट मात्रा देतात, आणि शेवटच्या डोसानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली का, हे तपासतात. नसतील, तर लस पुन्हा पहिल्या डोसापासून.